भाजलेला आखाड

आमच्या घरात दोन काटे आहेत. एक माणसाचं वजन करायचा, तो बाथरूमच्या दाराशी असतो आणि शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो. दुसरा स्वयंपाकघरात, एका ग्रॅमपर्यंतचा. तिसरा काटा माझ्या नोकरीतला, गोंदियाबाहेर एका राइस मिलच्या फाटकाशी, साठ टनांचा. त्या काट्याच्या खोलीत मी सव्वीस वर्षं बसतो आहे. धानाची भरलेली गाडी आली की वजन घ्यायचं, रिकामी होऊन परतली की पुन्हा घ्यायचं, मोठ्यातून लहान वजा करायचं. उरला तो धान. त्याआधी पोत्यात हात घालून धान ओला आहे का ते पाहायचं, शंका आली तर ओल मोजायच्या यंत्रात मूठभर टाकायचं. ओला धान वजनाला जास्त भरतो. हे समजायला शिकावं लागत नाही, पण ओळखायला सवय लागते. मला ती आहे, असं मी समजत होतो.

बायकोचं वजन मी मागच्या दिवाळीपासून रोज सकाळी सहाला घेतो. चहाच्या आधी, अंगावर तोच गाऊन, पायात चपला नाहीत. दिवाळीत अठ्ठावन्न किलो चारशे होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस किलो सहाशे.

आजाराचं नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही दोघं डॉक्टर मॅडमसमोर बसलो होतो. मॅडम वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "लिव्हर आकसत चाललंय. सिरोसिस." बायको नवेगाव बांधच्या बाजूची, बोलायला कधी कुणाला भ्याली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अजी, तुमी पेत नाई, मी पेत नाई. मंग माह्या लिवरवर कोन पेऊन राहिला?"

मॅडम हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढलं. सोळा वर्षांची साखर, त्यातून लिव्हरवर चढलेली चरबी, त्यातून हे. दारू न पिणाऱ्यांनाही होतं. लिव्हर बदलायचं म्हणाल तर हृदयाला तेवढं झेपणार नाही, पुढे नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणजे आहे तेच लिव्हर जितके दिवस चालेल तितके. मी विचारलं, "किती दिवस?" मॅडम म्हणाल्या, "काका, असा आकडा नसतो." मग त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. तळलेलं बंद. मीठ दिवसभरात सगळं मिळून सपाट पाऊण चमचा, त्याच्या वर एक चिमूटही नाही, नाहीतर पोटात पाणी भरेल. आणि वजन घसरू द्यायचं नाही. बाहेरून डाळी-कडधान्य पोटात गेलं नाही तर शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं. "बाकी आमच्याकडे सोडा," त्या म्हणाल्या, "वजन तुमच्या हातात आहे."

माझ्या हातात आहे असं कुणी म्हटलेली ती एकच गोष्ट होती. मी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वजन, मीठ, डाळ, भात, भाजी, लघवी, औषध.

अडचण अशी की ती खातच नव्हती. दुधाने तिला मळमळायचं. तळ्याकाठी वाढलेली बाई, पण आता मासळीचं नाव काढलं तरी तोंड फिरवायची. वरण चार चमचे, भात दोन घास. खावंसं वाटायचं ते फक्त वडे. लाखोळीची डाळ वाटून, लसूण-मिरची घालून केलेले, कडक, कढईतून काढल्या काढल्या खायचे. ते ती लग्नापासून सत्तावीस वर्षं करत आली. आणि आता कढईत तेल तापलं की त्या वासानेच तिला उलटी व्हायची. शिवाय तळलेलं बंद. वडे मनात, आणि घरात तेलाचा वास चालत नाही.

मुलगी हैदराबादला नोकरी करते. जूनमध्ये ती चार दिवस आली तेव्हा एक छोटा ओव्हन घेऊन आली आणि मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला.

"बाबा, हे फलाफल. अरबांकडचे चण्याचे वडे. ते लोक तळतात, पण ओव्हनमध्ये भाजूनही होतात. यात भाज्या घाला, तेल एक चमचा पुरतं. आईला हवं ते सगळं यात आहे."

बायको पलंगावरून म्हणाली, "काय म्हनते ते? फल्लीचे वडे?"

"शेंगदाण्याचे नाही गं, चण्याचे. फलाफल."

"मंग चन्याचे म्हन ना वं. अरबाले कायले मंधात आनते?"

मुलगी गेली आणि ओव्हन माझ्याकडे राहिला. मी आयुष्यात चहा आणि खिचडी यापलीकडे काही केलेलं नव्हतं. पण मोजमाप असलेलं काम मला जमतं, असा माझा विश्वास होता. पहिल्या दिवशी काबुली चणे दोनशे ग्रॅम घेतले, रात्रभर भिजवले आणि सकाळी उसळीला शिजवतात तसे कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन शिजवले. त्यांचा लगदा झाला. त्यात गाजर, पत्ताकोबी आणि पालक किसून घातल्यावर तो आणखी सैल झाला. हातावर ठरेना. पत्र्यावर थापले ते पसरून एकमेकांना चिकटले.

ती दारात खुर्ची टाकून बसली होती. "गवऱ्या थापून राहिले का जी?"

"हसू नको. व्हिडिओत बरोबर होत होतं."

"त्यात बाई करत होती ना? मंग."

मुलीला फोन केल्यावर कळलं की चणे शिजवायचेच नसतात. भिजवलेले कच्चेच जाडसर वाटायचे, आपल्या वड्याच्या डाळीसारखे. हे बायकोला माहीत असणारच. मी तिला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी चौदा तास भिजवले. दोनशे ग्रॅमचे चारशे पंधरा झाले. फडक्यावर पसरून कोरडे केले, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले. गाजर ऐंशी ग्रॅम, पत्ताकोबी साठ, पालक चाळीस, तिन्ही बारीक करून मुठीत दाबून पाणी काढलं. लसूण सहा पाकळ्या, जिरं, तीळ, मूठभर सांभार म्हणजे कोथिंबीर, बांधणीला तांदळाचं पीठ तीन चमचे. मीठ एक ग्रॅम. अख्ख्या घाण्यात एक ग्रॅम, काट्यावर मोजून. सोळा नग झाले, एकेक चौतीस ग्रॅमचा. ओव्हन एकशे नव्वदवर, बारा मिनिटं एका बाजूने, बारा दुसऱ्या. मधे एकदा लाइन गेली आणि अर्ध्या तासाने आली, म्हणून तो घाणा मी वहीत वेगळा लिहिला.

आकार टिकला, रंग आला, पण खायला दगड. तेलात वडा आतून फुलतो, कोरड्या हवेत तो आखडतो. तिने एक फोडायचा प्रयत्न केला आणि ताटलीत परत ठेवला. "दात माहे स्वतःचे हायेत अजून. तेवढे तरी राहू द्या."

तिसऱ्या दिवशी मी त्यात खायचा सोडा घातला, अर्धा चमचा. फरक पडला. चौथ्या दिवशी एक चमचा. आठवड्याच्या शेवटी दीड चमचा, वर लिंबू. आता ते ओव्हनच्या काचेआड फुगताना दिसायचे, वरून तांबूस, मोडला तर आत हिरवट आणि जाळीदार. तिने पहिला अख्खा खाल्ला तो दिवस मी वहीत लाल शाईने लिहिला. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "वडा नाई हा. पन खाता येते."

रोज सोळा करायचे. आठ तिचे, आठ माझ्या डब्यात. सकाळी दहाला मी तिच्या बाजूला चार ठेवायचो आणि झाकणीखाली संध्याकाळचे चार, आणि साडेदहाला काट्यावर जायचो. साडेसहाला परत आलो की दोन्ही ताटल्या रिकाम्या. वहीत वड्यांचा नवा रकाना आखला होता, त्यात लिहायचो, आठ.

पहिले पाच दिवस वजन तिथंच होतं, त्रेचाळीस सहाशे. आठव्या दिवशी चव्वेचाळीस शंभर. बाराव्या दिवशी चव्वेचाळीस नऊशे. सात महिन्यांत पहिल्यांदा आकडा वर चढला होता. मी काटा शून्यावर आणून तिला दोनदा उभं केलं, मग स्वतः उभा राहून पाहिलं की काटा तर बिघडला नाही. माझं वजन नेहमीचंच होतं. मुलीला फोन केला. ती नुसती रडत होती. मी तिला म्हटलं, "रडायचं काय त्यात? दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर पडतंय. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत छप्पन."

हे मी म्हटलं होतं. वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा हिशेबही मांडला होता, महिन्यांप्रमाणे.

त्याच दिवसांत आषाढ लागला. आमच्याकडे आषाढात घरात एकदा तरी कढई चढली पाहिजे. त्याला आखाड तळणं म्हणतात. धानाच्या रोवणीचे दिवस, बायका शेतातल्या बांधीतून चिखलाने भरून येतात, आणि घरोघरी गुलगुले, पुऱ्या, भजी, वडे. ताट झाकून शेजारी द्यायचं, आणि शेजाऱ्याने ते रिकामं परत करायचं नाही. फुलचूरला आम्ही घर बांधलं त्याला एकोणीस वर्षं झाली. शेती सुटली, पण तिने आखाड एकदाही चुकवला नाही. बाळंतपणाच्या वर्षी तिच्या आईने येऊन तळला होता.

"यंदा काय?" ती म्हणाली.

"यंदा नाही तळायचं. मॅडमने काय सांगितलं?"

"मी नाई खात ना. घराचा आखाड त होऊ द्या. बिन आखाडाचं घर ठेवता काय?"

"तेलाच्या वासाने तुला उलटी होते."

तिचा चेहरा पाहून मी म्हटलं, "मी करतो आखाड. भाजतो."

"भाजलेला आखाड!" तिला इतकं हसू आलं की पाणी द्यावं लागलं. "ऐका, लोकाले सांगू नोका हं, का मी सांगतलं म्हनून."

पौर्णिमेच्या दिवशी सुटी घेऊन मी तीन घाणे केले, अठ्ठेचाळीस नग. ती पहाटेपासून खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. सांभार देठासकट घाला, जिरं भाजून घ्या, हात वल्ला करून गोळे करा. चार ताटं लावून मी शेजारी दिली. समोरच्या घरी एक हिंदी बोलणाऱ्या बाई राहतात, माझ्यापेक्षा वयाने थोड्या मोठ्या. दिवसभर त्या ओट्यावर बसलेल्या असतात, गल्लीत काय चाललंय ते त्यांना न विचारता कळतं. त्यांनी झाकण उचललं.

"भाईसाब, ये बिना तेल का आखाड कौन-से पंडित ने बताया?"

"डॉक्टर ने बताया."

"तो डॉक्टर के घर भी भेजो एक प्लेट!" त्यांनी एक तोंडात टाकला आणि थोडा वेळ चावला. "अच्छा है. मतलब, बीमार आदमी के लिए अच्छा है."

संध्याकाळी त्यांनी ताटात गुलगुले आणून दिले. बायकोशी आत बसून अर्धा तास बोलल्या. जाताना फाटकापाशी थांबून हळू आवाजात मला म्हणाल्या, "भाईसाब, भाभी के पैर देखे क्या? सूजे हुए लगते हैं."

मी म्हटलं, "वजन बढ़ रहा है ना."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी खरंच ते उत्तर म्हणून दिलं होतं.

त्याच्या दोन दिवस आधी तिने जोडवी काढली होती. साबण लावून, ओढून. "रुतून राहिले," म्हणाली. मी ती डबीत ठेवली आणि डबीवर चिठ्ठी लावली. हातातल्या बांगड्या मात्र तिने वर सरकवल्या की कोपरापर्यंत जायच्या. एकाच बाईची जोडवी घट्ट आणि बांगड्या ढिल्या. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. माझ्या वहीत जोडव्यांचा रकाना नव्हता, बांगड्यांचाही नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी शेहेचाळीस तीनशे. तेविसाव्या दिवशी सत्तेचाळीस शंभर. त्या दिवशी ती काट्यावर चढली तेव्हा तिला खालचा आकडा दिसला नाही, कारण मधे पोट होतं. "किती?" तिने विचारलं. मी सांगितलं. "मंग श्वास काऊन लागते मले?" ती म्हणाली. आडवं झालं की तिला दम लागत होता. मी मिलमध्ये फोन केला आणि तिला रिक्षात घालून डॉक्टर मॅडमकडे नेलं.

मॅडमनी पोटावर बोटं ठेवून टकटक केली, पायाच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. मॅडम त्या खळग्याकडे पाहत होत्या. मीही पाहत होतो. धान ओला असला की मुठीत दाबल्यावर असाच दाबल्या आकारात राहतो.

"मीठ वाढलं का?"

"नाही. एक ग्रॅमही नाही." मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. "काका, इतकं व्यवस्थित कुणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "हे फलाफल म्हणजे?"

मी मोबाइल काढून फोटो दाखवला. तो मी मुलीला पाठवला होता, सगळ्यात चांगल्या घाण्याचा. मॅडमनी तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"तेलाशिवाय इतके फुलले कसे? सोडा घालता?"

"दीड चमचा."

"रोज?"

"रोज. सोळा नगांत. आठ तिचे."

त्यांनी मोबाइल परत दिला. "सोड्यातही तेच असतं काका. सोडियम. एक चमचा सोडा म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त मीठ धरा."

मीठ मी औषधासारखं मोजत होतो, आणि सोड्याचा डबा ओट्यावर चहापत्तीच्या शेजारी होता. सोडा खारट लागत नाही. आमच्या घरात तो कधी मिठात धरलाच नव्हता. तिथं बसल्या बसल्या मी गणित केलं. दीड चमच्याचं पाऊण चमच्याच्या वर मीठ, त्यातलं निम्मं तिच्या पोटात. तिला नेमून दिलेल्या मिठाच्या ते जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे रोज दीडपट. हे मी मॅडमना सांगितलं.

"फक्त त्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "हे पाणी कधीतरी भरणारच होतं. थोडं आधी भरलं."

"किती आधी?"

"काका, तसं सांगता येत नाही."

त्यांनी पोटाला सुई लावून पाणी काढलं. पिवळसर, पातळ, नळीतून बाटलीत. चार लिटर आठशे. मी बाटल्यांवरच्या रेघा स्वतः वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तिथल्या काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो तीनशे. पायांतलं पाणी अजून तसंच होतं. भरलेल्या गाडीतून माल उतरला होता आणि रिकामी गाडी तीन आठवड्यांपूर्वीपेक्षा हलकी भरली होती.

घरी येताना रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून होती. फुलचूरच्या वळणावर ती म्हणाली, "सव्वीस वर्सं काट्यावर बसले. वल्ला धान वळखू नाई आला का तुमाले?"

ती हसत होती. मला हसता आलं नाही.

त्या दिवसापासून मी घरात कमी बोलायला लागलो. ओव्हन पुसून वर ठेवून दिला. वही लिहीत होतो, पण दिवाळीचा हिशेब होता ते पान फाडून टाकलं. ती बघत असायची. आठ-दहा दिवसांनी, सकाळी मी तिच्या पायाचा घेर टेपने मोजत असताना, ती म्हणाली, "येक सांगू का? रागावनार नाई ना?"

"सांग."

"मी ते तुमचे वडे खात नव्हती."

मी टेप गुंडाळून बाजूला ठेवला.

"येखांदा खायची. बाकीचे गाईले देत होती, खिडकीतून. तुमी इतकं करत होते, तं ताटली भरलेली कशी ठेवू? म्हनून. आता तुमी त्या सोड्याचं मनाले लावून घेतलं. कायले लावता? माह्या पोटात गेलाच नाई तो."

"रोज?"

"रोजच समजा."

"आठातले किती?"

"आता तेही मोजाचं का?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडते. रोज सकाळी नऊ-साडेनऊला एक तांबडी गाय तिथं येऊन उभी राहते. बायको तिला पहिली पोळी देते. पण हे आठ वर्षांपासूनचं आहे. गाय उभी राहते यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि गाय नऊला येते, वडे मी दहाला ठेवायचो. दहाला ती तिथंच असते की निघून जाते, हे मी कधी पाहिलं नाही. मी बघायचो ती रिकामी ताटली. मिलमध्ये रिकामी गाडी परत आली म्हणजे माल आमच्याच गोदामात उतरला असं आम्ही कधी धरत नाही, पावती बघतो. घरी मी ताटली बघून आठ लिहीत होतो.

यातलं काहीतरी एकच खरं आहे. तिने वडे खाल्ले असतील, तर ते पाणी मी माझ्या हाताने तिच्या पोटात भरलं. तिने खाल्ले नसतील, तर ते तेवीस दिवस ती वरणाच्या चार चमच्यांवर होती, अंगचं मांस झिजत होतं, आणि मी वर चढणारा आकडा लाल शाईने लिहीत होतो. पहिल्यात दोष माझा, दुसऱ्यातही माझा. बेचाळीस तीनशे हा आकडा दोन्हीकडून बरोबर येतो. मी बरेच दिवस तो दोन्ही बाजूंनी मांडून पाहिला. आणि पहिलं खरं असेल, तर तिने माझ्यासाठी आता गाय मधे आणली. सत्तावीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोललेली मला माहीत नाही. पण मला माहीत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

समोरच्या बाई दिवसभर ओट्यावर बसलेल्या असतात. आमची खिडकी त्यांच्या थेट समोर आहे. त्यांना विचारलं तर एका वाक्यात कळेल. मागच्या आठवड्यात त्या फाटकाशी आल्या होत्या, "भाभी कैसी है?" म्हणाल्या. मी म्हटलं, "वैसी ही है." त्या थोडं थांबल्या, मी काही विचारतो का ते पाहत असल्यासारख्या. मी फाटक लावून घेतलं.

दुसऱ्यांदा पाणी काढलं त्याला आता नऊ दिवस झाले. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत सव्वीस दिवसांचं अंतर होतं. मॅडम म्हणाल्या की यापुढे हे अंतर कमी होत जाईल. यावेळी मी "किती" विचारलं नाही, आणि त्यांनीही तो आकडा नसतो असं म्हटलं नाही. काढल्यानंतर वजन एकोणचाळीस चारशे होतं.

श्रावणही सरत आला आहे. आखाड गेला तो गेला. चार-पाच दिवसांपूर्वी तिने स्वतःच ओव्हन खाली काढायला सांगितला. "ते तुमचं अरबाचं करा," म्हणाली. सोडा न घालता, मीठ न घालता केले. चणे आणखी बारीक वाटले, गोळे लहान आणि चपटे केले, म्हणजे कमी आखडतात. तरी कडकच झाले. वरणात बुडवून नरम होतात, असं आता लक्षात आलं आहे. रोज आठ करतो. माझ्या डब्यात आता मी नेत नाही.

आज सकाळी वजन एक्केचाळीस शंभर होतं. नऊ दिवसांत एक किलो सातशे चढलं, ते काय आहे हे आता मला माहीत आहे. दहाला मी तिच्या बाजूला चार वडे आणि वाटीभर वरण ठेवलं. तिने विचारलं, "जाता का?" मी म्हटलं, "जातो." गाय खिडकीशी उभी होती. मी डबा घेतला, बाहेर आलो, आणि खिडकीच्या बाजूने न जाता मागच्या गल्लीने मिलला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा ताटली रिकामी होती. वहीत वड्यांच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही.